‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’ बघायलाच हवा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमच्या फिल्म क्लबमध्ये पुढच्या महिन्यात स्टॅन्ली क्युब्रिकचा ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’ आहे. तयारी म्हणून तुम्ही तो घरी लावला आणि लेखकाच्या बंगल्यात गाणं सुरू झालं तिथे लॅपटॉप मिटला. आता क्लबमधले काहीजण म्हणताहेत की हा न पाहता सिनेमावर बोलूच नये. तुम्हाला पडद्यावरची हिंसा सोसत नाही. तर बघावा का, आधी कादंबरी वाचावी का, आणि मध्येच बंद केला यात तुमचं काही चुकलं का.

शेवटच्या शंकेचं उत्तर आधी देतो. काहीही चुकलं नाही. तो प्रसंग बघताना ज्याच्या पोटात ढवळत नाही, त्याची मला जास्त काळजी वाटेल. आणि ‘हा पाहिला नाही म्हणजे काहीच पाहिलं नाही’ म्हणणाऱ्यांचं फार मनावर घेऊ नका. लॉ कॉलेज रोडवर फिल्म आर्काइव्हच्या थिएटरबाहेर ही जमात मी तरुणपणापासून बघत आलोय. त्यातले निम्मे लोक सिनेमा बघतात ते ‘बघितलाय’ असं सांगता यावं म्हणून.

तरीही माझं मत विचाराल, तर बघावा. आत्ता लगेच नाही, एकटीनं नाही, लॅपटॉपवर तर नाहीच, पण बघावा. रसास्वाद शिबिरांत बरीच वर्षं सिनेमे दाखवल्यावर आणि त्यानंतरची भांडणं सोडवल्यावर बनलेलं हे मत आहे. कारणं सांगायला जरा वेळ लागेल.

आधी पुढे काय वाढून ठेवलंय ते कळू द्या. गोष्ट आधी कळली की मजा जाते, हा नियम मी या सिनेमाला लावत नाही. काय येणार हे माहीत असलेला माणूस तो जास्त नीट बघतो. सिनेमा 1971 चा, लांबी सव्वादोन तासांच्या आसपास, आधार अँथनी बर्जेसच्या 1962 मधल्या कादंबरीचा. नजीकच्या भविष्यातलं इंग्लंड. ॲलेक्स नावाचा पोरगा, त्याचं टोळकं आणि रात्र. पहिल्या पाव तासातच एका म्हाताऱ्या दारुड्याला भुयारी मार्गात बडवलं जातं, मोडकळीला आलेल्या नाट्यगृहात दुसरी टोळी एका मुलीला ओढत असते तिच्याशी हाणामारी होते, आणि मग एका लेखकाच्या घरात शिरून त्याच्यासमोर त्याच्या बायकोवर बलात्कार होतो. पुढे आणखी एका बाईचा खून आहे. साधारण पाऊण तासाला ॲलेक्स पकडला जातो आणि तिथून पुढे मार बहुतेक त्यालाच बसतो. म्हणजे तुम्ही जिथे थांबलात, ती या सिनेमातली सगळ्यात अवघड जागा होती.

रक्त मात्र फार दिसत नाही. हल्लीच्या कुठल्याही मारधाडीच्या सिनेमात त्याच्या कितीतरी पट वाहतं आणि लोक पोराबाळांसकट पॉपकॉर्न खात बघतात. तुम्हाला त्रास झाला तो रक्तानं नाही. तुम्हीच लिहिलंय, ‘गाणं सुरू झालं तिथे’. अगदी बरोबर जागा पकडलीत. लाथा मारता मारता ॲलेक्स जुन्या हॉलिवुडमधलं एक आनंदी, पावसातलं गाणं म्हणतो आणि लाथांचा ठेका त्या गाण्याचा आहे. हे संहितेत नव्हतं. प्रसंग काही केल्या जमत नव्हता, तेव्हा क्युब्रिकनं ॲलेक्सचं काम करणाऱ्या माल्कम मॅकडॉवेलला विचारलं, तुला नाचता येतं का? मॅकडॉवेलला जे गाणं अर्धंमुर्धं येत होतं ते तो म्हणू लागला. क्युब्रिकनं त्या गाण्याचे हक्क विकत घेतले. हिंसा ठेक्यात बसली की आपला पाय नकळत हलतो, हे त्या दिवशी त्याच्या लक्षात आलं असावं. एरवीही तो हेच करतो. टोळ्यांच्या मारामारीला रॉसिनीचं उडत्या चालीचं संगीत, अंगावर येणारी 9.8 मिलिमीटरची लेन्स, सर्कशीसारख्या कोलांट्या.

अगदी पहिला शॉट आठवा. पडदाभर चेहरा, एका डोळ्याला खोट्या पापण्या, नजर थेट आपल्याकडे. मग कॅमेरा मागे मागे सरकत जातो. आधी टोळकं दिसतं, मग त्यांनी पाय ठेवलेली टेबलं, जी नग्न बायकांच्या पुतळ्यांची आहेत, मग तो सगळा लांबोडका दूधबार. सगळं दिसत जातं, ॲलेक्सची नजर मात्र हटत नाही. त्याचा आवाज आपल्याला बंधूंनो म्हणत गोष्ट सांगू लागतो. अजून काहीच घडलेलं नाही, आणि आपण त्याच्या टोळक्यात जाऊन बसलेले असतो.

पुण्याच्या प्रेक्षकाला हे परकं वाटायचं कारण नाही, कारण त्याच सुमाराला इथे, भरत नाट्य मंदिरात, 16 डिसेंबर 1972 ला ‘घाशीराम कोतवाल’ उभं राहिलं. तेंडुलकर आणि जब्बार पटेल यांनी क्युब्रिकवरून काही घेतलं असं मला अजिबात म्हणायचं नाही. दोघांची मुळं वेगवेगळ्या जमिनीत आहेत. पण कारागिरी बघा. गणपतीच्या नाचानं सुरुवात, झुलणारी ब्राह्मणांची रांग, अभंग, कीर्तन, लावणी, भास्कर चंदावरकरांचं संगीत, आणि त्या सगळ्या गोडव्याच्या मधोमध चोरीचा आळ आलेल्या एका माणसाच्या हातावर तापलेला लोखंडी गोळा. आपण तालात डोलत असतो आणि समोर एकाचे हात भाजत असतात. टाळ्या कुठे वाजवायच्या हे कळेनासं होतं. ज्यांनी ते नाटक पाहिलंय त्यांना मी क्युब्रिकबद्दल सांगतो तेव्हा फार समजवावं लागत नाही.

साम्य इतकंच असतं तर मी एका वाक्यात आटोपलं असतं. पण दोन्हीकडे गुंडापेक्षा त्याला हाताशी धरणारा जास्त भयंकर आहे. नाना फडणवीस घाशीरामाला कोतवाली देतात, काम भागल्यावर जमावाच्या दगडांपुढे सोडतात आणि वर उत्सव जाहीर करतात. क्युब्रिकच्या सिनेमातला गृहमंत्री ॲलेक्सला तुरुंगातून उचलतो आणि गुन्हेगार सुधारण्याच्या नव्या उपचारासाठी त्याची निवड करतो. पापण्या चिमट्यांनी ताणून उघड्या ठेवलेल्या, औषध टोचलेलं, समोर पडद्यावर मारहाणीची दृश्यं. शेजारी बसून डोळ्यांत थेंब घालणारा माणूस खराखुरा डॉक्टर होता, तरीही चित्रीकरणात मॅकडॉवेलच्या बुबुळाला ओरखडा गेलाच. उपचार संपतो तेव्हा ॲलेक्सला हात उगारायचा विचार आला तरी ओकारी येते. दृश्यांच्या मागे बीथोवनची नववी सिंफनी वाजत होती, त्यामुळे त्याला एवढं एकच जे सुंदर वाटत होतं तेही गेलं. तुरुंगातला पाद्री एकटा आक्षेप घेतो: ज्याला निवडताच येत नाही, तो चांगला झाला असं कसं म्हणायचं? मंत्र्याला त्याचं काही नाही. गुन्हे कमी झाले म्हणजे झालं.

मग उपचार सरकारच्या अंगाशी येतो, वर्तमानपत्रं उठतात, आणि मंत्री इस्पितळात येतो. हा प्रसंग माझ्या मते सिनेमाचा कळस आहे. खिडकीतून उडी घेतलेला ॲलेक्स प्लॅस्टरमध्ये जखडलेला. मंत्री त्याच्या खाटेशी बसून मांसाचे तुकडे कापतो आणि काट्यानं त्याला भरवतो, बोलणं चालू असतं नोकरीचं आणि पगाराचं. एक घास गिळला की ॲलेक्स पाखराच्या पिलासारखा आ वासतो आणि वाट बघतो. मंत्र्याचं वाक्य तुटतं, तो पुढचा घास देतो. आ, घास, आ, घास. कोण कुणाचा मालक हे त्या तोंडाच्या उघडझापेतून कळतं. इथे एक लाथ नाही, एक ओरखडा नाही, आणि तरी माझ्या लेखी हे अख्ख्या सिनेमातलं सर्वांत हिंसक दृश्य आहे. तुम्ही पहिल्या पाव तासात थांबलात, त्यामुळे हे तुमच्यापर्यंत पोचलंच नाही. बघा म्हणतो ते यासाठी.

आणि या इस्पितळाच्या आधी ते गाणं परत येतं. उत्तरार्धात पूर्वी मार खाल्लेले एकेक जण ॲलेक्सला भेटतात. तो दारुडा म्हातारा, पोलिसात भरती झालेले त्याचेच दोन साथीदार, आणि शेवटी तो लेखक, आता चाकाच्या खुर्चीत. लेखकानं चेहरा ओळखलेला नाही, कारण त्या रात्री ॲलेक्सच्या तोंडावर मुखवटा होता. बिचारा म्हणून तो त्याला घरात घेतो, गरम पाण्याची अंघोळ देतो. ॲलेक्स टबात सैलावतो आणि बेसावधपणे तेच गाणं गुणगुणतो. दाराबाहेर लेखकाचा चेहरा. या क्षणी प्रेक्षागृहात काय होतं ते मी पुन्हा पुन्हा पाहिलंय: लोकांच्या छातीत धस्स होतं, पण ॲलेक्ससाठी. अरे गप्प बस, पकडला जाशील! ज्यानं हे घर उद्ध्वस्त केलं, तो वाचावा म्हणून आपण श्वास रोखून बसलोय, हे ध्यानात यायला काहींना घरी पोचेपर्यंत वेळ लागतो. सुरुवातीच्या गाण्याची किंमत क्युब्रिक इथे वसूल करतो.

आता दुसरी बाजू. एका शिबिरात चर्चा रंगात आली होती, इच्छास्वातंत्र्य, राज्यसंस्था वगैरे मोठे शब्द हवेत होते, आणि शाळेतून निवृत्त झालेल्या एक शिक्षिका म्हणाल्या, “सगळे परत आले. ती बाई का नाही आली?” खोली शांत झाली. लेखकाच्या बायकोचं पुढे काय झालं हे सिनेमा दोन वाक्यांत उरकतो. ती गेली, असं नवरा सांगतो. तिला नाव मिळतं ना दुसरा प्रसंग. तिच्या यातना नवऱ्याच्या सूडाला कारण पुरवण्यापुरत्या. ‘गोष्ट ॲलेक्स सांगतोय, त्याला जे दिसलं तेच आपल्याला दिसणार’ हे यावरचं नेहमीचं उत्तर. ते अर्धं खरं आहे. निवेदक ॲलेक्स असला तरी कॅमेरा क्युब्रिकचा आहे, आणि तो कॅमेरा या सिनेमातल्या बायकांकडे माणूस म्हणून क्वचितच बघतो. सिनेमा मोठा आहे म्हणून ही उणीव भरून निघत नाही. तेव्हाही सगळ्यांनी माना डोलावल्या नव्हत्या: ऑस्करमध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं नामांकन मिळालं, पण अमेरिकी समीक्षकांपैकी पॉलिन केलनं तो सोलून काढला आणि रॉजर ईबर्टनं चारपैकी दोनच तारे दिले. चर्चेत तुमचंही मत असंच पडलं तर ते दामटून मांडा. क्लबमध्ये कुणी ‘तुम्हाला कळला नाही’ म्हणालं तर ही दोन नावं तोंडावर फेका.

घरात शिरण्याचा तो प्रसंग पुण्यात आणखी एका कारणानं झोंबतो. रात्रीची बेल, बाहेरून काकुळतीचा आवाज, अपघात झालाय, फोन करू द्या, आणि घरातली बाई शेवटी साखळी काढते. 1976-77 मध्ये जोशी-अभ्यंकर खून झाले तेव्हा जे या शहरात कळत्या वयाचे होते, त्यांना एवढंच पुरतं. मारेकरी कलाशाळेत शिकणारी मुलं होती. त्या दिवसांत दिवेलागणीनंतर बेल वाजली की घरातले एकमेकांकडे बघायचे. माझ्या वयाचे काही मित्र हा सिनेमा त्या प्रसंगापुढे बघू शकलेले नाहीत, आणि त्यांना कुणी सिनेमातलं कळत नाही असं म्हणत नाही.

तुम्ही ओझरतं विचारलंय की असे सिनेमे बघून पोरं बिघडतात का. ब्रिटनमध्ये हाच आरोप झाला. काही खटल्यांत या सिनेमाचं नाव घेतलं गेलं, क्युब्रिकच्या घरी धमक्या येऊ लागल्या, आणि 1973 मध्ये त्यानं स्वतःच तो ब्रिटनमधून मागे घ्यायला लावला. 1999 मध्ये तो वारल्यानंतरच, 2000 साली, तो तिथल्या थिएटरांत परत लागला. मधल्या काळात लंडनच्या स्काला थिएटरनं परवानगीशिवाय दाखवला आणि कोर्टात मार खाल्ला. गंमत म्हणजे ‘घाशीराम’ही एकोणीस प्रयोगांनंतर ते करणाऱ्या संस्थेनंच थांबवलं होतं, ते नंतर थिएटर अकॅडमीनं पुन्हा उभं केलं.

आज आपल्याकडे कोयता गँगची बातमी आली की दोन दिवस सिनेमांच्या नावानं खडे फोडले जातात. ती पोरं क्युब्रिक बघत नाहीत हो. ती रील बघतात आणि बनवतात: स्लो मोशनमध्ये चाल, हातात कोयता, मागे ठेका धरायला लावणारं गाणं. ॲलेक्स तळ्याच्या काठानं चालता चालता आपल्याच साथीदारांना पाण्यात लोळवतो, तो शॉटही स्लो मोशनमध्ये आहे आणि त्यालाही असंच मोहात पाडणारं संगीत आहे. हत्यार तेच. रील तीस सेकंदांत संपतं, सिनेमा पुढे दीड तास चालतो आणि त्याच पोराला जेलचे कपडे घालतो, ओकायला लावतो, मंत्र्याच्या हातून जेवू घालतो. म्हणून तुमच्या घरातल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलानं याचे तुकडे फोनवर बघण्यापेक्षा अख्खा सिनेमा मोठ्यांबरोबर बघावा, असं मी म्हणेन. सोळाच्या आतल्यांना मात्र दाखवू नका. शाळकरी मुलांना टोळक्याची ऐट लक्षात राहते, बाकीचं राहत नाही.

कात्रीबद्दल एक जाता जाता. तेंडुलकरांचं ‘गिधाडे’ 1970 मध्ये रंगमंचावर आलं तेव्हा सेन्सॉरनं साडीवरच्या रक्ताच्या लाल डागाला हरकत घेतली. डाग निळा केला गेला आणि प्रयोगाआधी डॉ. लागू प्रेक्षकांना सांगत, हा डाग लाल समजावा. रंग बदलून काय साधलं, ते त्या सेन्सॉरलाच ठाऊक.

तर तुम्ही काय करायचं? स्वतःच्या आयुष्यात असं काही सोसलेलं असेल, तर बघू नका आणि कुणाला कारणही देऊ नका. नसेल, तर क्लबचा खेळ हीच योग्य जागा आहे. मोठा पडदा असला की ते जग आपल्यापेक्षा मोठं राहतं आणि त्याचं नाटकीपण दिसतं. लॅपटॉपवर, कानात हेडफोन घालून, ते थेट डोक्यात घुसतं. शेजारी जवळची मैत्रीण बसवा, कडेची खुर्ची पकडा. दूधबार संपल्यावर साधारण दहा मिनिटं बाहेर पॅसेजमध्ये थांबून बीथोवन ऐकू आला की आत आलात तरी चालेल. काय झालं ते तुम्हाला माहीत आहे आणि नंतरच्या अंघोळीच्या प्रसंगाला तेवढं पुरतं. शुद्धतावादी ओरडतील, ओरडू देत. संयोजकांना मात्र आजच फोन करा आणि दोन गोष्टी मागा: सुरुवातीला बलात्काराच्या दृश्यांची स्पष्ट सूचना, आणि शेवटी किमान पाऊण तास चर्चा. हा सिनेमा दाखवून दिवे लावून लोकांना रस्त्यावर सोडणारा क्लब मला बेजबाबदार वाटतो.

आत्ता अजिबात धीर होत नसेल तर आधी ‘अर्धसत्य’ बघा, 1983 चा. पोलीस कोठडीत वेलणकरच्या हातून एक माणूस मरतो. तिथे हिंसेला संगीताची साथ नाही, ओम पुरीचा घाम आहे. त्यानंतर एलेम क्लिमोवचा 1985 चा ‘कम अँड सी’ जमेल. नाझींनी बेलारूसमध्ये गावं जाळली ते एका पोराच्या चेहऱ्यावरून बघायचं, आणि त्या चेहऱ्यावर सुरकुत्या पडत जातात. तो क्युब्रिकपेक्षा कितीतरी दुखतो, पण दुखणाऱ्याच्या बाजूनं दुखतो, म्हणून माणसं तो पेलतात. छळाच्या दृश्यांनी भरलेल्या पासोलिनीच्या ‘सालो’च्या वाटेला जाऊ नका. त्याचं महत्त्व मला मान्य आहे, पण एकदा पाहिला तेवढा पुरे झाला आणि मी तो कुठल्याच शिबिरात लावत नाही.

राहिली कादंबरी. आधी सिनेमा, मग पुस्तक, असा माझा सल्ला. बर्जेसनं रशियनवरून घडवलेली टोळक्याची एक बोली आहे. पहिली तीसेक पानं ठेचा लागतात. पण त्या अनोळखी शब्दांमुळेच पुस्तकातली मारहाण काचेपलीकडे राहते, आणि सिनेमात ती काच का नाही हे सिनेमा आधी पाहिला असेल तर चटकन कळतं. घेताना एकवीस प्रकरणांची प्रत घ्या. अमेरिकेत छापलेल्या जुन्या आवृत्तीत शेवटचं प्रकरण गाळलं होतं आणि क्युब्रिकचा सिनेमा तिथेच, विसाव्यावर, संपतो. एकविसाव्यात ॲलेक्स मोठा होतो, त्याला या सगळ्याचा कंटाळा येतो आणि बायकापोरांची स्वप्नं पडू लागतात. बर्जेसला तोच शेवट हवा होता. मला क्युब्रिकचा जास्त खरा वाटतो. आमच्या घरात यावर एकमत नाही.